ओटा नको, आळं करा: नागपूरच्या रस्त्यावरचं पाणी झाडाच्या मुळाशी नेण्याची रीत

नागपुरातल्या कुठल्याही लेआउटमध्ये फिरून बघा. घरासमोरच्या झाडाभोवती विटांचा गोल ओटा, त्याला गेरूचा पट्टा, आत भर घातलेली माती. ओटा रस्त्यापेक्षा फूटभर उंच. पाऊस पडला की रस्त्याचं सगळं पाणी त्या ओट्याला वळसा घालून नालीत जातं, आणि मार्चपासून त्याच झाडाला नळाचं पाणी पाइप लावून घालायचं. शेतकरी असं कधी करत नाही. तो झाडाला आळं करतो. माती आत नाही, बाहेर ओढतो. झाड खाली, कडा वर.

या लेखात सांगायचं ते एवढंच आहे, फक्त आळं घरासमोरच्या, रस्ता आणि कंपाउंड यांच्यामधल्या पट्टीत करायचं आणि त्याला रस्त्याच्या बाजूने तोंड ठेवायचं. मात्र आपल्याकडच्या काळ्या मातीत ते जसंच्या तसं चालत नाही. बहुतेक प्रयत्न तिथेच फसतात, म्हणून तपशील थोडा लांबणार आहे.

ही रीत सगळ्यात चांगली रुजली ती वाळवंटात. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात टूसॉन नावाचं शहर आहे, सोनोरन वाळवंटात वसलेलं. तिथे वर्षाला ३०० मिलिमीटरसुद्धा पाऊस पडत नाही, आणि त्यातला साधारण निम्मा उन्हाळ्याअखेरच्या मोसमात येतो. त्या मोसमाला तेही मॉन्सूनच म्हणतात, आणि सरकारी दप्तरात त्याच्या तारखा १५ जून ते ३० सप्टेंबर अशा आहेत. वाचून हसू येतं, कारण आपलं वेगळं काय? तिथल्या डनबार स्प्रिंग या वस्तीत ब्रॅड लँकेस्टर यांनी १९९० च्या दशकात घरासमोरच्या पट्टीत खड्डे करून, कर्ब (रस्त्याच्या कडेचा उंच काठ) कापून रस्त्याचं पाणी झाडांना दिलं. तेव्हा कर्ब कापणं बेकायदा होतं. पुढे शहराने ते नियमात बसवलं, २००८ मध्ये नव्या व्यापारी इमारतींच्या बागांना निम्मं पाणी पावसाचंच वापरायची सक्ती करणारा नियम केला, आणि २०२० पासून पाण्याच्या बिलातच या कामासाठी छोटी रक्कम घ्यायला सुरुवात केली.

नागपूर काही वाळवंट नाही. आपल्याकडे ११०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत येतो, उरलेले आठ महिने झाड कोरड्यावर असतं, आणि नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) पारा ४५ च्या वर गेला की त्या झाडाला टूसॉन आणि तुकडोजी पुतळा चौक यांत फरक वाटत नाही. म्हणून वाळवंटाची युक्ती इथेही कामाची आहे. पावसाळ्यात मात्र आपली अडचण त्यांच्या उलट आहे. त्यांना पाणी पुरत नाही, आपल्याला ते जिरवायला जागा आणि वेळ पुरत नाही.

आधी हिशेब

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एवढं लक्षात ठेवलं की बाकी सगळं तोंडी जमतं.

१२ मीटरचा लेआउट रस्ता धरू. मधे ७ मीटर सिमेंट, दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटरची पट्टी, त्यावर बहुतेक ठिकाणी गट्टू (सिमेंटचे ठोकळे) बसवलेले. रस्त्याची मध्यरेषा ते कंपाउंडची भिंत म्हणजे ६ मीटर. ३० मीटर लांबी घेतली तर एका बाजूचं क्षेत्र १८० चौरस मीटर. २५ मिलिमीटरची एक चांगली सर आली आणि त्यातलं ८५ टक्के पाणी वाहिलं, तर ३,८०० लिटर हातात आलं. म्हणजे जवळपास पाऊण टँकर, एका सरीत, घरासमोरून.

आता आळं. लांबी ४ मीटर, वरची रुंदी दीड मीटर, बाजूंना २ ला १ (दोन आडवं, एक उभं) असा ढाळ आणि पाणी साचायची खोली १५ सेंटिमीटर. त्यात सुमारे ६८० लिटर मावतं. खाली गिट्टीची चर केली (ती पुढे येतेच आहे) तर तिच्या फटींत आणखी ५७५ लिटर. एका आळ्याला साडेबाराशे लिटर धरा. ३० मीटरमध्ये अशी तीन आळी बसली तर २५ मिलिमीटरची सर जवळपास पूर्ण पोटात जाते.

आणि १०० मिलिमीटर आला तर? तीन आळी मिळून ३,७५० लिटर, पाणी १५,००० लिटर. बाकीचं वाहणारच. २३ सप्टेंबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर चार तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसलं. तशा रात्री घरासमोरचं आळं पूर थांबवत नाही, आणि थांबवेल असं कोणी सांगत असेल तर तो तुम्हाला काहीतरी विकतो आहे. आळं कामी येतं ते पावसाळ्यातल्या बाकीच्या दिवसांत, जेव्हा १०, १५, २५ मिलिमीटरच्या सरी येतात आणि कोपऱ्यावर गुडघाभर पाणी साचतं.

माती बघायची कधी

काळी माती उन्हाळ्यात तडकते. तळहात जाईल एवढ्या भेगा पडतात. मे महिन्यात खड्डा करून त्यात बादली ओता, पाणी गुडुप होईल. लोक खूश होतात आणि लिहून ठेवतात, ‘माती छान पाणी पिते’. पाणी माती पीत नसते, भेगा पितात. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तीच माती फुगून भेगा बंद होतात आणि वरचं पाणी तसंच उभं राहतं. वाळवंटातली मंडळी कॅलिशे नावाच्या चुनखडीच्या कडक थराशी झगडतात. आपलं दुखणं मऊ आहे, पण जास्त हट्टी आहे.

म्हणून चाचणी पावसाळ्यातच करा. जुलै किंवा ऑगस्टमध्ये, दोन-तीन दिवस पाऊस होऊन गेल्यावर. जिथे आळं करायचं तिथे एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल खड्डा. संध्याकाळी काठोकाठ भरून ठेवा. सकाळी जे उरलं असेल ते असू द्या, वर आणखी पाणी घालून १५ सेंटिमीटर खोली करा आणि काठीला शाळेची पट्टी बांधून मधे रोवा. दर तासाला किती उतरलं ते लिहा, निदान चार तास. तासाला ५ मिलिमीटर किंवा जास्त उतरलं तर १५ सेंटिमीटर पाणी ३० तासांत जिरतं, साधं आळं पुरेल. २ मिलिमीटर उतरलं तर ७५ तास लागतील, म्हणजे तीन दिवसांच्या वर. ते चालणार नाही.

का नाही? डासांसाठी. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठवडा-दहा दिवस लागतात. मग तीन दिवस चालायला हवेत, असं वाटेल. पण आपल्याकडे आळं रिकामं व्हायच्या आधी दुसरी सर येते आणि पाणी सलग उभं राहतं. म्हणून एका सरीचं पाणी ४८ तासांच्या आत गेलंच पाहिजे, असा हिशेब ठेवा. लेआउटमध्ये एका जरी आळ्यात अळ्या दिसल्या की बाकी सगळी आळी माती टाकून बुजवली जातात, आणि त्यात लोकांची चूक नाही.

चर आणि मुरूम

काळ्या मातीखाली मुरूम असतो. कुठे तीन फुटांवर, कुठे सहा, कुठे त्याहून खोल. शेजारी घराचं काम चालू असेल तर कॉलमचा खड्डा बघून या, किंवा मिस्त्रीला विचारा. त्याला लेआउटचा मुरूम पाठ असतो. मुरूम पाणी घेतो, काळी माती घेत नाही. तेव्हा पाण्याला वरून मुरमापर्यंत वाट करून देणं हेच मुख्य काम.

मुरूम पाच फुटांच्या आत असेल आणि पट्टी अडीच मीटर असेल तर आळ्याच्या मधोमध ६० सेंटिमीटर रुंद, ३ मीटर लांब चर खोदा. रस्त्याच्या स्लॅबची कड आणि कंपाउंडची भिंत, दोन्हींपासून ९५ सेंटिमीटर राहतात. खालून वर थर असे: ८० सेंटिमीटर ४० मिलिमीटरची गिट्टी, १० सेंटिमीटर १० मिलिमीटरची बारीक गिट्टी, १० सेंटिमीटर कन्हान नदीची जाड रेती, त्यावर २० सेंटिमीटर माती-मिश्रण, आणि शेवटी ७ सेंटिमीटर काड्या-पाल्याचं आच्छादन. त्याच्या वर पाण्यासाठी १५ सेंटिमीटर मोकळे. रस्त्याच्या कडेपासून चरीचा तळ साधारण पावणेपाच फूट खाली येतो. मोठी गिट्टी अर्धा ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) लागते. रेती पाव ब्रास पुरते, मिश्रणासकट.

माती-मिश्रणाचं माप घमेल्याने घ्या: सहा घमेली रेती, दोन घमेली खोदून निघालेली काळी माती, दोन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत. काळी माती याहून जास्त घातली की पहिल्याच महिन्यात वर पापडी धरते. ताजं शेण घातलं तर आळ्याला हिरवी शेवाळ येते आणि वासही येतो. रेतीऐवजी चुरी चालेल का, असं विचारलं जातं, कारण ती स्वस्त पडते. चुरीत दगडाची भुकटी असते, ती खाली बसून थर बंद करते. नको.

गिट्टी धुऊन टाका. हे सगळे ऐकतात आणि कोणीच करत नाही. खाणीतून आलेल्या गिट्टीबरोबर आलेली धूळ मुरमाच्या तोंडावर जाऊन बसते आणि ज्या थराने पाणी घ्यायचं तोच लिंपला जातो. चरीच्या बाजूंना जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं) लावा, म्हणजे काळी माती फुगून गिट्टीत शिरणार नाही. वर आणि तळाला मात्र कापड नको. वरचं कापड दोन पावसाळ्यांत गाळाने तुंबतं, आणि मग सगळं उकरल्याशिवाय कळत नाही की पाणी का उभं आहे. बारीक गिट्टी आणि रेतीचे दोन थर तेच काम कापडाशिवाय करतात.

रस्त्याच्या बाजूला एक गोष्ट विसरायची नाही. सिमेंट रस्त्याच्या स्लॅबखालीही काळी माती असते. तिला सतत पाणी लागलं तर स्लॅबची कड बसते, तडा जातो, आणि खापर आळ्यावर फुटतं. ते बरोबरही असतं. स्लॅबच्या कडेला लागून उभी जाड प्लास्टिक शीट, ५०० मायक्रॉनची, दोन ते तीन फूट खोल सोडा. चर घराच्या पायापासून निदान १० फूट दूर हवी. काळ्या मातीवरच्या जुन्या घरांना ओल-कोरडचा खेळ सोसत नाही. चर खोदल्यावर तिच्यात कोणी उतरू नये आणि ती रात्रभर उघडी ठेवू नये. काळ्या मातीच्या भिंती न सांगता ढासळतात. सकाळी खोदली की संध्याकाळपर्यंत भरून काढा.

पट्टी दीड मीटरचीच असेल, आणि जुन्या लेआउटमध्ये ती तेवढीच असते, तर चरीचा नाद सोडा. मीटरभर रुंदीचं, पाणी १० सेंटिमीटरच साचेल असं उथळ आळं करा आणि तळाला हाताच्या ऑगरने (जमिनीत भोक पाडायच्या गिरमिटाने) १५ सेंटिमीटर व्यासाची तीन भोकं मुरमापर्यंत पाडून गिट्टीने भरा. त्यांत पाणी फारसं मावत नाही, पण वाट होते.

पाच फुटांखालीही काळीच माती निघाली तर? मग पाणी जिरेल ही आशा सोडून द्या. चरीच्या तळापासून ३० सेंटिमीटर वर भोकं पाडलेला ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप टाकून तो पावसाच्या नालीला जोडा. पाइपाखालचं पाणी झाडासाठी राहतं, वरचं सावकाश निघून जातं. पाइप सांडपाण्याच्या चेंबरला जोडू नका. भर पावसात चेंबर उलटं भरतं आणि ते पाणी तुमच्या आळ्यात येतं.

तोंड

बिघाडाची बहुतेक गोष्ट इथे घडते, म्हणून इथे जरा थांबू.

पहिली परिस्थिती: रस्त्याला कर्ब आहे. कर्ब कटर मशीनने कापायचा, छिन्नी-हातोड्याने नाही, नाहीतर शेजारचा दगडही हलतो. तोंडाची रुंदी सपाट रस्त्यावर ४५ सेंटिमीटर, उतारावर ६० ते ९०, कारण उतारावर पाणी धावतं आणि अरुंद तोंडासमोरून सरळ पुढे निघून जातं. दोन्ही बाजू ४५ अंशांत तिरप्या कापा. सरळ काटकोनात कापलेल्या तोंडाच्या कोपऱ्यात प्लास्टिकची पिशवी अडकते, तिला पाने अडकतात, आणि अर्ध्या तासात बांध तयार होतो.

दुसरी परिस्थिती आपल्याकडे जास्त दिसते. नवा सिमेंट रस्ता जुन्या डांबरावरच चढवल्यामुळे घरासमोरच्या पट्टीपेक्षा सहा-आठ इंच वर गेलेला असतो. कर्ब नसतोच. पाणी आपसूक तुमच्या बाजूला येतं, गेटखालून आतही येतं. इथे तोंड कापायची गरज नाही. एक ओळ गट्टू काढायचे आणि पाण्याला आळ्यात पडायला जागा द्यायची. ज्यांच्या अंगणात दर पावसात पाणी शिरतं त्यांच्यासाठी हे आळं झाडाआधी घराचं काम करतं.

आता उंबरा, म्हणजे तोंडाची खालची पातळी. तो रस्त्याच्या कडेपेक्षा २ सेंटिमीटर खाली हवा, आणि उंबऱ्याच्या लगेच आत आळ्याची पातळी आणखी ५ सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. ही पाच सेंटिमीटरची पायरी न ठेवता आतली माती उंबऱ्याला समतल ठेवली, तर पहिल्या पावसात रस्त्यावरची रेती नेमकी उंबऱ्यावर बसते. रेतीवर हरळी उगवते, हरळी आणखी रेती धरते. सप्टेंबरपर्यंत तोंडावर इंचभर उंच हिरवी गादी तयार झालेली असते आणि आळं कोरडं ठणठणीत. बघणाऱ्याला वाटतं, गवत छान आलंय.

उंबऱ्याच्या आत दोन बाय दोन फुटांत मोठे दगड हाताने बसवा, सहा ते आठ इंची, तळात सिमेंट न घालता. पाणी त्यावर आपटून शांत होतं आणि जड गाळ तिथेच थांबतो. तो गाळ फावड्याने काढता यावा म्हणून दगडांच्या मधे एक सपाट शहाबादी फरशी ठेवा. फावडं फरशीवर सरकतं, दगडांत अडकतं. एवढ्याशा फरशीमुळे सफाई दहा मिनिटांची होते, आणि दहा मिनिटांची असली तरच ती केली जाते.

आळ्याला तोंड एकच ठेवा. एका बाजूने पाणी आत, दुसऱ्या बाजूने बाहेर अशी दोन तोंडं केली की आळ्यातून ओढा वाहतो आणि आच्छादन, खत, रोप सगळं रस्त्यावर. एकच तोंड असेल तर आळं भरलं की नवं पाणी आत येतच नाही, रस्त्याच्या कडेने पुढच्या आळ्याकडे जातं. तेच तोंड, तोच सांडवा. घराच्या बाजूची कड मात्र रस्त्यापेक्षा निदान १५ सेंटिमीटर उंच करा. खोदलेल्या मातीतली थोडी तिथे दाबून बसवा. बाकीची माती त्याच दिवशी उचला. एका आळ्यातून दीड ब्रासपर्यंत माती निघते, आणि ती रस्त्याच्या कडेला ढीग करून ठेवली की पहिली सर ती सगळी आळ्यात परत आणते.

गेटसमोरच्या रॅम्पचं काय? प्रत्येक घराने गाडी चढवायला रॅम्प केलेला असतो आणि रस्त्याच्या कडेचं पाणी तिथे अडतं. रॅम्पखाली पाइप टाकला जातो, तो पहिल्या दिवाळीपर्यंत बुजतो. पाइपापेक्षा रॅम्पच्या रस्त्याकडच्या टोकाला फूटभर रुंदीची उघडी नाली आणि वर उचलता येईल अशी लोखंडी जाळी बरी.

काम कधी काढायचं

दिवाळीनंतर. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये काळी माती ओलसर, भुसभुशीत असते. आळं आणि चर खोदणं सोपं जातं. एप्रिलमध्ये तीच माती विटेसारखी होते, सबल लावावी लागते, मजुरी दुप्पट. चर खोदाल त्याच दिवशी गिट्टी-रेतीचे थर भरा, आणि हे सगळं फेब्रुवारीपर्यंत उरका. तोंड मात्र मे अखेरीस उघडा, कारण तोवर शेजारच्या बांधकामाची रेती, सिमेंट काहीही आत येऊ शकतं.

कामाआधी जमिनीखाली काय आहे ते बघा: नळाची लाइन, केबल, गडर लाइनचं (सांडपाण्याच्या वाहिनीचं) चेंबर. रस्त्याचा कर्ब आणि पट्टी सार्वजनिक आहे, मनपाच्या झोन कार्यालयाची लेखी परवानगी घ्या. ती मिळायला वेळ लागतो, म्हणून लेआउटच्या मोकळ्या जागेच्या कडेने पहिलं आळं करणं सोपं पडतं. लोक ते बघतात, मग पुढचं बोलणं होतं.

आणि आळ्याचं पाणी बोअरमध्ये सोडायची हुशारी करू नका. छताचं पाणी गाळून बोअरला देता येतं. रस्त्याच्या पाण्यात तेल, टायरची भुकटी, कुत्र्यांची घाण आणि कधीकधी तुंबलेल्या चेंबरचं पाणी असतं. माती आणि मुळं त्यातलं पुष्कळ अडवतात, बोअरचा केसिंग पाइप काहीच अडवत नाही. त्याच कारणाने आळ्यात पालक, मेथी, मुळा नको.

काय लावायचं

आळ्याला तीन पातळ्या असतात: तळ, मधली पायरी आणि कड. तळाला पावसाळ्यात पाणी, उन्हाळ्यात भेगा, असं दोन्ही सोसणारं हवं. तिथे वाळा. कूलर येण्याआधीपासून नागपूरच्या दारांवर ज्याच्या ताट्या लागायच्या, तोच. त्याची मुळं सरळ खाली जातात, गुंता होत नाही आणि काळ्या मातीत पाण्याला वाट करतात. फूट-दीड फूट अंतराने लावा. त्याच्या जोडीला कर्दळी चालते, पण उन्हाळ्यात ती वाळून जाते आणि लोक समजतात मेली. जूनमध्ये परत येते.

झाड तळात लावायचं नाही. सगळ्यात जास्त झाडं याच चुकीने मरतात. रोपाचा बुंधा मधल्या पायरीवर, साचलेल्या पाण्याच्या पातळीच्या जरा वर ठेवा. मुळं पाण्याकडे स्वतः जातात. करंज आणि अर्जुन दोन्ही पाणी सोसतात. कडुनिंबाला पाय ओले आवडत नाहीत, त्याला कडेवर जागा द्या, बहाव्यालाही तिथेच. जांभूळ आळ्यात छान वाढतं, पण जूनमध्ये जांभळं रस्त्यावर पडून दुचाक्या घसरतात, तेव्हा वळणावर नको. वड, पिंपळ, उंबर यांना कंपाउंडच्या भिंतीपासून लांबच ठेवा. निर्गुडी आणि अडुळसा पायरीवर झुडपं म्हणून उत्तम, शेळ्या-गाई सहसा तोंड लावत नाहीत. एका आळ्याला एकच झाड. दोन लावली की दोन्ही रोडावतात.

पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावंच लागतं, चार-पाच दिवसांनी वीस लिटर. ते बुंध्याशी नको, तळात ओता, म्हणजे मुळं खोल जातील. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी रोज ओतू नका. आटून आटून त्यात क्षार साचलेले असतात.

आच्छादनाला नुसता वाळलेला पाला चालत नाही. पहिल्या सरीत तरंगतो आणि तोंडाशी गोळा होतो. बोटाएवढ्या जाडीच्या फांद्यांचे तीन-चार इंची तुकडे खाली, पाला त्याच्यावर, आणि त्यावर पुन्हा थोड्या काड्या. फेब्रुवारी-मार्चची पानगळ जाळण्यापेक्षा इथे आणून घाला. वर्षभरात निम्मी कुजून जाते, पुन्हा भर द्यावी लागते.

बिघडतं ते कसं

मिक्सर धुतल्याचं सिमेंटचं पाणी एकदा आळ्यात गेलं की वरचा थर लिंपला जातो. पापडी तोडून वरचं दोन इंच मिश्रण बदलावं लागतं, दुसरा उपाय नाही. चारचाकी आळ्याच्या कडेवर चढली तर माती दबते. कडेला दोन मोठे दगड ठेवा, पांढरा रंग द्या, रात्री दिसले पाहिजेत. गणपतीत निर्माल्य आणि वर्षभर पूजेची फुलं झाडाखाली आणून ठेवली जातात. फुलं चालतात, त्यांच्याबरोबरची पिशवी नाही. गाजरगवत सगळ्यात आधी येतं; फुलं धरायच्या आत, हातमोजे घालून, मुळासकट उपटा. आणि लहान मुलांच्या शाळेसमोर किंवा वयस्क लोकांच्या ये-जा करण्याच्या वाटेवर १५ सेंटिमीटरचा खड्डाही घातक आहे, तिथे ढाळ ३ ला १ करा आणि खोली कमी ठेवा.

मृग लागायच्या आधी तोंड आणि फरशी साफ करायची, पावसाळ्याच्या पहिल्या महिन्यात प्रत्येक मोठ्या सरीनंतर, आणि मग पोळ्यानंतर एकदा. पाणी ४८ तासांनंतरही दिसलं तर आधी वरची पापडी मोडा. तरीही उभंच राहिलं तर चरीवर फूटभर उकरून रेतीचा थर बघा. रेती काळी आणि चिकट झाली असेल तर तेवढीच बदला, गिट्टीला हात लावू नका.

पहिली जोरदार सर आली की छत्री घेऊन आळ्यासमोर उभं राहायचं. पाणी तोंडाशी वळतंय की सरळ पुढे जातंय, एवढंच बघायचं. सरळ जात असेल तर उंबऱ्यासमोर रस्त्यावर खडूने खूण करा, ऊन पडल्यावर उंबरा आणखी एक सेंटिमीटर घासून घ्या, आणि पुढच्या सरीला परत बघा.